मिस्टर गिड्रींची टाच

बेल्मोर, लुइझियाना
गुरुवार, १४ मार्च

प्रिय वर्नेल,

बरी असशील. आईच्या गुडघ्यांचं दुखणं थोडं हलकं आहे. रविवारी चर्चहून आल्यावर तिनं तुझ्या वाटणीचा कॅटफिश झाकून ठेवला होता. संध्याकाळी तो शेजारच्या मिस ओपलकडे पाठवून दिला. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

नर्सिंग बोर्डाची नोटीस आली. मंगळवारी दहाला सुनावणी. मिस्टर गिड्रींचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, हे तुला कळलंच असेल. आपल्या नर्सिंग होमनं बोर्डाला कळवलं आहे की दाखल होताना त्यांच्या टाचेवर काही असल्याचं एलपीएननं, म्हणजे मी, आरएनला, म्हणजे तुला, सांगितलं नाही. खाली तुझी सही आहे.

मी सांगितलं होतं, वर्नेल. तू टेबलाशी बसून कागदांच्या ढिगावर सह्या करत होतीस, आणि मी म्हणाले की डाव्या टाचेला नाण्याएवढी जागा गरम आणि लिबलिबीत लागते आहे. तू वरही पाहिलं नाहीस. म्हणालीस, "कॉर्लिस, माझे आई, एक टाच घेऊन बसू नकोस. सोमवारी राज्याची तपासणी आहे. मी कातडी ठीक लिहिलीय."

पडून पडून होणाऱ्या जखमेची लाली आपल्यासारख्या काळ्या कातडीवर दिसत नाही, हात लावावाच लागतो. हे कुठल्या वर्गात शिकवलं गं आपल्याला? स्वयंपाकघरातल्या टेबलावर आईनं शिकवलं. तीस वर्षं म्हाताऱ्यांना पुसण्यात गेली तिची, नर्सच्या परीक्षेला बसायची सोय कधी झाली नाही. आपल्या दोघींचे डोळे बांधून ती आजोबांच्या पाठीवरून आपली बोटं फिरवायची. आजोबा कुरकुरायचे, "मी माणूस आहे का पाव?" तुझी बोटं माझ्याहून हुशार होती. आई अजूनही तसंच म्हणते.

पण तू खोलीत गेलीच नाहीस. दारातूनसुद्धा पाहिलं नाहीस.

माझा परवाना एका वर्षाच्या शिक्षणाचा, तुझा चार वर्षांचा. मी पाहायचं, ठरवायचं तू, हा नियम मला मान्य आहे. मी कधी त्याच्या पुढे पाऊल टाकलं नाही. पण आपल्या नर्सिंग होमच्या प्रमुख मिसेस प्रुइट मला काल केबिनमध्ये म्हणाल्या, "तुम्ही एलपीएन लोक डोळे कशाला ठेवता?" याच बाईंनी ऑक्टोबरमध्ये सगळ्यांसमोर मला सुनावलं होतं की एलपीएननं निदान करू नये. मी बरोबर असते तेव्हा माझे डोळे कच्चे, आणि कुणाचा पाय गेला की तेच डोळे एकदम पक्के होतात. हा कुठला न्याय? रोज सव्वीस माणसांची औषधं, मलमपट्ट्या, साखरेची तपासणी, सगळं याच कच्च्या हातांनी होतं.

इथवर लिहून मी दोनदा उठले. एकदा हात धुतले, दुसऱ्यांदाही हातच धुतले.

माझ्या पहिल्या कागदावर टाचेची नोंद होती. तो कागद आज फाइलमध्ये नाही, कारण तो मी काढला. तुझा आणि माझा कागद जुळले पाहिजेत, न जुळलेल्या कागदांवर दंड बसतो, वॉर्डात सगळे असंच करतात, असं तू म्हणालीस, आणि मी नवा फॉर्म घेऊन 'कातडी ठीक' लिहिलं. माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं. जुना कागद कापायच्या यंत्रात घातला. नंतर तीन आठवडे रोज मिस्टर गिड्रींना मोजे मी घातले. ठीक लिहिलेली टाच पुन्हा बघायला मन धजलं नाही.

हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "त्यांना दुखत होतं का?" मी हो म्हणाले.

आज सकाळी बोर्डाला सगळं लिहून पाठवलं. तुझं वाक्य आहे, माझा दुसरा कागदही आहे. वकील म्हणाला, फक्त पहिला भाग सांग, वाचशील. पण अर्धंच सांगितलं तर तुझ्या सहीत आणि माझ्या सांगण्यात काय फरक राहील? माझा परवाना जाईल बहुतेक. तुझाही जाईल कदाचित. तुला सुनावणीच्या खोलीत पहिल्यांदा कळू नये, म्हणून हे पत्र.

मिस्टर गिड्री हॉस्पिटलात चौथ्या मजल्यावर आहेत, खोली ४१२. मी शनिवारी जाणार आहे. ते मला हाकलतील, तरी जाणार आहे. तू यावंस असं मी म्हणत नाही. वेळ तेवढी सांगते, दुपारी दोन.

तुझ्यावर अजून रागावलेली, तुझी बहीण
कॉर्लिस
परवानाधारक परिचारिका, मंगळवारी दहापर्यंत