सैल सोडायलाही लागतं

बाबा, आज अकरावीला पुन्हा एटीपीचा धडा घेतला आणि पुन्हा चिडले. मुलं एका सुरात म्हणतात, "एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जा-चलन," आणि गप्प बसतात. तुम्ही असे गप्प बसला नव्हता. आठवतं? माजरीच्या क्वार्टरमधल्या स्वयंपाकघरात मी बी.एस्सी.चं पुस्तक घेऊन बसलेय, तुम्ही खाणीतली पाळी संपवून आलाय, मानेवरची कोळशाची धूळ अजून तशीच. "काय वाचून राह्यली वं?" तुम्ही विचारता. मी परातीतल्या पिठात बोटानं काढून दाखवते: हे ॲडेनिन, त्याला चिकटलेली रायबोज साखर, पुढे ओळीनं तीन फॉस्फेट. तिघांवरही ऋण भार, म्हणून एकमेकांना ढकलणारे. पाण्याशी क्रिया होऊन शेवटचा सुटला की ऊर्जा मिळते, तिच्यावर स्नायू हलतो. "मंग सुटलं का संपलं?" "नाई बाबा, अन्नाच्या जोरावर पेशी तो पुन्हा जोडते. सारखं चालूच." आणि मग तुम्ही विचारलंत, "म्हंजे आपण दम घेतो तो याच्यासाठीच काय?" श्वासातला ऑक्सिजन त्याच्यासाठीच लागतो; तिथवर पोचणारा प्रश्न आजवर एकाही मुलानं विचारलेला नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी नोकरीच्या गावाहून, अहेरीहून, बस बदलत पोचले तेव्हा दुपार कलली होती. तुमची उजवी मूठ आवळलेली होती. आत्या बोटं सरळ करू पाहत होती, ती होत नव्हती. भरल्या घरात ती म्हणाली, "पोरीचं लगन नाई झालं, त्याच्यातच जीव अडकला माह्या भावाचा." सगळ्या बायका माझ्याकडे वळून पाहू लागल्या. मी म्हटलं, "आत्या, दम थांबला का एटीपी बनत नाई. स्नायूले आखडायले ते लागते, तसं सैल सोडायलेही लागते. ते संपलं का आतले धागे एकमेकाले धरून बसतेत. सगळ्यायचंच होते असं." आत्या कडाडली, "बाप मेला अन् हे कॉलेज शिकवून राह्यली!" त्यानंतर घरातल्या प्रत्येक लग्नात तुमच्या त्या मुठीचा विषय निघाला. मी जेवून उठेपर्यंत कुणीतरी तो काढायचंच.

आत्याची मला चीड येतेच, पण तुमचीही येते. माझ्या लग्नाचा विषय तुम्ही कधी काढला नाहीत. मला वाटायचं, हा तुमचा होकार. पण बहिणीसमोर एकदा तरी म्हणायचं होतं, "तिची मर्जी." तेवढं बोलला असता तर तिला तुमच्या हाताचा अर्थ लावायला जागाच उरली नसती. तुमचं न बोलणं मी किती वर्षं निस्तरू?

आज तास संपताना मुलचेऱ्याकडची एक मुलगी उठली. "मॅडम, मंग मेल्यावर अंग ताठ काऊन होते? आमच्या घरी म्हणतेत, जीव अडकते." मी फळ्यावर धागे काढले, नीट समजावलं, आणि ठासून सांगितलं की घरचं म्हणणं चूक आहे. तिला पटलं. खाली बसताना ती हसलीसुद्धा.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, आत्याला तर नाहीच. तिचं चूक होतं हे मला पक्कं ठाऊक आहे. तरीही बाबा, त्या मुठीत थोडीशी मी असावी, असं मला वाटतं.