आधीच दिलेला कोंबडा

९ जून, सोमवार
सगळ्यात आधी शेजारची रूथबाई आली, मी चूळ भरायच्या आत. मागनं पाळकीणबाई, हातात साखरेची पुडी. "सलू कुठंय? तोंड गोड करू."
काल चर्चात पाळकसाहेबांनी वाचलं ना: नात सलोमी हिला पुण्याच्या मोठ्या विद्यापीठात जागा मिळाली, आजीकडून उपकारस्तुती, कोंबडा एक. दानात आलेल्या वस्तूंचा उपासनेनंतर लिलाव होतो, त्यात तो रूथबाईनंच घेतला.
सलू आतनं आली ती लालबुंद. "आजे, अगं लेखी पास झालीये फक्त. मुलाखत शुक्रवारी हाय!"
म्हनलं, मला ठाव हाय. आधी हातात पडू दे मंग आभार मानते, हे काय आभार झाले? माझी आई पेरणीच्या दिवशीच कणसाचे आभार मानायची.
पाळकीणबाईंनी पुडी पदराखाली घेतली. रूथबाई म्हनली, "मंग मी कोंबडा कापू का ठिवू?"

१० जून
सलू बोलत न्हाई. बारावीला सत्तेचाळीस टक्के. निकालाच्या दिवशी तिचा बाप, माझा याकोब, जेवला न्हाई. आज शेवगावच्या बाजारात दोघांनी त्याचं अभिनंदन केलं. घरी येऊन माझ्यावर, "आई, आता तोंड कुठं लपवू?"
भेंडी आणलेली, लई निबर.
पहाटं कोंबडा आरवतो रूथबाईच्या अंगणात, सलू डोक्यावर गोधडी ओढती.

१३ जून, शुक्रवार
याकोब अन् सलू पहिल्या एसटीनं पुण्याला. निघताना सलू गळ्यात पडली. राग गेला वाटतं. माझं कशात लक्ष न्हाई, भाकरी करपली.

१४ जून
सगळं वदवून घेतलं. मुलाखतीला समोर तिघं जण हुते. पहिलंच इचारलं, मार्क इतके कमी का? ही म्हनली, "पाठ होत न्हाई मला. अन् अभ्यास बी कमीच केला." हे सांगायचं असतं व्हय!
मंग एका बाईंनी इचारलं, प्रवेश न्हाई मिळाला तर? "तर माझ्या आजीचा कोंबडा वाया जाईल." अन् सगळं सांगितलं, लिलावासकट. तिघं हसली. मंग बाईंनी नीट बसून इचारलं, गावात पोरींना शिकायला अडवतं कोण, पुढं ढकलतं कोण. ही बोलतच सुटली म्हणे. घरात जिच्या तोंडातनं शब्द…
निघताना एक सर म्हनले, "कोंबडा आहे का अजून?"
माझा कोंबडा पार पुण्याला पोचला! याकोब बी हसला.

१८ जून, बुधवार
यादी लागली मोबाईलवर. सलूचं नाव न्हाई. खाली वेटिंगवर हाय, दुसरी. वरच्या दोघांनी जागा सोडली तर हिला. शनिवारी कळंल.
रडली न्हाई. माझ्याजवळ शेंगा फोडत बसली. "आजे, परत चर्चात काय सांगू नको हां."
न्हाई सांगत. एकदा दिलंय की.

१९ जून, गुरुवार
दुपारी दोघी परत. साखर न्हाई या खेपेला. पाळकीणबाईंनी प्रार्थना केली, लई लांब, रूथबाईला डुलकी लागली. कोंबड्याचं इचारलं तर म्हनती, "मावशी, खाऊन फुगलाय नुसता. मसाला वाटून ठिवलाय, पर सुरी उचलत न्हाई."
सलू चहा घेऊन आली. "अजून ठेवा त्याला, सरांनी इचारलंय." सगळ्या हसलो, तीच जास्त.
उठताना म्हनल्या, रविवारी उपासना झाली की येतो, कोंबडा घेऊनच. पाय बांधून का पातेल्यात, ते शनिवारी ठरंल.