एंगुदायच्या भांड्यातलं पाणी

थोरल्या ताई अत्सेदे हिला धाकट्या यशीमबेतचा वाकून नमस्कार.

तू बरी ना? गुडघा बरा? गाय बरी? जावई (कामाला लागला असला तर) बरा? देवाच्या दयेनं मीही बरी आहे, पण ती उद्या जेवणापर्यंतच. उद्या मुलाकडचे म्हातारे आपल्या हिरुतला मागणी घालायला येतात, आणि हीच नात माझी, शहरात नर्स व्हायला शिकून आलेली, हिनं काय करावं? पिठाचं भांडं साबणानं घासलं! म्हणे, ‘आजी, किती वास येत होता!’ अगं भवाने, तो वास म्हणजेच विरजण! मागल्या पिठावरचं पिवळं पाणी, आईनं मला दिलेलं, मोरीत गेलं. त्याच्याशिवाय टेफच्या दाण्याचं पीठ फुगत नाही, आणि फुगलं नाही तर इंजेराच्या भाकरीला वर भोकांचे डोळे पडत नाहीत. आंधळी इंजेरा पुढ्यात आली की म्हातारे तोंडावर बोलत नाहीत. घरी जाऊन म्हणतात, ज्या घरात विरजण टिकत नाही तिथली पोर संसार काय टिकवणार.

मी रडायला बसले नाही, ओरडायला बसले. तेवढ्यात शेजारची एंगुदाय बाजारात गेली, तशी हिरुत (अंगण एकच) तिच्या भांड्यावरचं पाणी ओतून घेऊन आली आणि मला न विचारता पिठात घातलं. चोरीचं! तेही एंगुदायचं, जिला मी कॉफीला जमलेल्या सगळ्या बायकांदेखत म्हटलं होतं, ‘बाई, तुझ्या इंजेराच्या हातात काठी दे, तिला दिसत नाही.’ त्याहून वाईट ऐक. उद्याच्या म्हाताऱ्यांत तिचा नवरा देम्से आहे. घराघराचा आंबटपणा वेगळा, हे तुला सांगायला नको. तो रोज तेच खातो. पहिल्या घासाला ओळखील, आणि हिरुतचं लग्न तिथंच मोडेल. आता भांड्याशी बसून हे लिहितेय. झाकण उचलायचा धीर नाही.

ता.क. तुझं विरजणही आईचंच. हे पत्र आणणाऱ्या ड्रायव्हरबरोबरच बाटलीभर पाठव. वरून ओतीन, चव बदलेल. बूच घट्ट लाव, मागच्या वेळी त्याच्या सीटवर फुगलं होतं.

दुसरा ता.क. ड्रायव्हरच्या गाडीचं चाक फुटलं, पत्र माझ्याच ओट्यावर राहिलं आणि म्हातारे येऊन जेवून गेले. इंजेराला इतके डोळे पडले की सगळं गाव माझ्याकडे बघतंय असं वाटलं. देम्सेनं घास घेतला, चावला, थांबला, माझ्याकडे बघितलं. मी छपराकडे बघितलं. म्हणाला, ‘यशीमबेत, अशी इंजेरा माझ्या घरी जन्मात मिळाली नाही!’ आत हिरुतला ठसका लागला. लग्न ठरलं.

बाटली तरीही पाठवच, आणि लवकर. तो जाताना म्हणाला, मंगळवारी एंगुदायला तुझ्याकडे शिकायला पाठवतो. ती ओळखील, ताई. ती खाणारी नाही, करणारी आहे.