चिंगीचं सावकाश जेवण

अण्णा,

आई पैठणला मामाकडं गेल्यापासून आठ दिवसांत चिंगीला पाच उलट्या झाल्या. पाचही खाल्ल्यावर पाच मिनिटांच्या आत, आणि मांजराच्या खाऊचे दाणे अख्खेच्या अख्खे. म्हणजे बहुधा ती न चावता गिळते. तुम्ही वाटी भरून ठेवता आणि खोलीत जाता. आई जवळ बसून चिमूटचिमूट घालायची, "हळू खा गं माय, कुणी हिसकावून नेत नाही," म्हणायची.

तुम्हीही तसंच करा. पसरट ताटलीत थोडे थोडे दाणे, दिवसातून चार वेळा. उलटीत रक्त दिसलं किंवा ती मलूल झाली, तर लगेच जनावरांच्या डॉक्टरकडं न्या.

मी सातच्या एसटीनं आईला आणायला चालले आहे. तुम्ही बोलावलंय का, एवढंच ती विचारते. बस सुटायच्या आत मला फोन करा. नुसतं 'हो' म्हणालात तरी पुरे.

काल चिंगीला खाऊ घालताना मी आईचा फोन स्पीकरवर ठेवला होता. चिंगी अकरा मिनिटं जेवली, उलटी झाली नाही. तुम्ही दाराआड अकरा मिनिटं उभे होतात.

प्रमोदिनी