नदीकडचं दार

२९ ऑगस्ट १९७६
ठरलं म्हणे! गावाच्या संस्थापकाचं, मॅकाराचं, जुनं लाकडी घर उचलून हमरस्त्यावर नेणार, नव्या मोटेलशेजारी. "व्हर्ना, इथे नदीवर कुत्रंसुद्धा फिरकत नाही!" — इति हॅरल्ड, घराच्या संग्रहालय-समितीचा अध्यक्ष. धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणून मी काही बोलले नाही. खोटं. पुष्कळ बोलले.

संस्थापक दिनी हात वर करून मतं घेणार. इतके उन्हाळे जुन्या काळच्या बायकांसारखं टोपडं घालून त्या घरातली चूल पाहुण्यांना दाखवली. आता मोटेलच्या पार्किंगमध्ये दाखवू? जीव तुटतो नुसता.

३१ ऑगस्ट
टोपडं धुतलं. लढाईला स्वच्छ कपडे हवेत.

२ सप्टेंबर
पाहुणे दोनच, तेही संडास विचारायला आलेले! तरी नेहमीचं सांगितलंच — डंकन मॅकारा, व्यापारी, एकट्याने रान तोडून घर बांधलं, गाव वसवलं.

हॅरल्ड मापं घ्यायला आला. नदीकडच्या मागच्या दारावर कुणी कधीकाळी फळी ठोकलीय, पुढ्यात आमच्या झाडू-बादल्या. "हलवताना हे बुजवूनच टाकू."
"आधी तुझं तोंड बुजव!" म्हटलं.

६ सप्टेंबर, संस्थापक दिन
काय दिवस! हॅरल्ड रस्त्याकडच्या दाराशी भाषण ठोकतोय, आणि मागच्या दारावर धडाधड थापा! बादल्या लाथाडल्या, फळी उपटली, दार उघडलं. काठाला दोन होड्या. पायरीवर पलीकडच्या ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीतल्या डेल्फीनआजी, नातवंडं, आणि नव्या जंगली तांदळाचं पोतं.

"पुढचं दार बंद का ठेवता गं?"
"पुढचं तिकडे, आजी. रस्त्याला."
"तेव्हा रस्ता होता कुठे? गिऱ्हाईक होडीतून यायचं."

मी कपाळावर हात मारला. आजवर लोकांना घराची पाठ दाखवत होते!

तोवर सगळं गाव मागे जमलं. हॅरल्ड म्हणाला, "आजी, घर आम्ही हमरस्त्यावर नेतोय." आजी हसून हसून पायरीवरच बसल्या. "कुणाचं घर रे? दार बघ." फळीखाली कोरलेला करकोचा! "आमच्या कुळाची खूण. माझ्या पणजीच्या बापाने बांधलं हे. तुमचा मॅकारा आला तेव्हा त्याच्याजवळ एक किटली होती आणि खोकला. पणजीने काढा पाजला, मग तो गेलाच नाही."

चुलीवर त्यांचा तांदूळ शिजला, गाव पोटभर जेवलं. मग मतं. घर हलवायला एकच हात वर — हॅरल्डचा. बहिणीने तोही खाली ओढला!

७ सप्टेंबर
पाटी हॅरल्डनेच नदीकडच्या दारावर ठोकली. मजकूर माझा, आजींना वाचून दाखवलेला: डंकन मॅकारा — व्यापारी, गावाचा संस्थापक, या घरचा घरजावई.