परस्पर पाठवलेली गोष्ट

पाचूबंदर, वसई

प्रिय स्वप्ना,

फोनच करणार होते, पण माझं नाव दिसल्यावर उचलावा की नाही अशी तुझी पंचाईत झाली असती. पत्राचं बरं असतं, नको असेल तर न उघडता ठेवून देता येतं. तू उघडलंस, म्हणजे अजून अगदीच परकी झाले नाही मी.

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे दुखतात, तरी बोंबील वाळत घालायला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. माझी शाळा चालू आहे. रविवार तेवढा जात नाही. दुपार कलली की मला अजूनही दिनानाथ सरांकडे आपल्या लेखन मंडळाला निघायची घाई होते, मग आठवतं, मी जाणं सोडलंय. चहा करते आणि आठवड्यात लिहिलेलं मोठ्याने वाचते. परवा ऐकायला मांजर होतं. तेसुद्धा बोंबलांच्या आशेने बसलं होतं.

सरांचा राग करायला बसले की मला आमच्या चर्चमधला तो दिवस आठवतो. पप्पा गेले तेव्हा सर मिस्सा संपेपर्यंत मागच्या बाकावर बसून होते. मला वाक्य लिहायला त्यांनीच शिकवलं. म्हणून तर कळायला इतका वेळ लागला. लिहिलेलं आधी त्यांना वाचून दाखवायचं, ते ‘अजून पिकलं नाही’ म्हणाले की कपाटात ठेवायचं, याला आपण शिस्त म्हणत होतो. एका रविवारी ते मला म्हणायचे, स्वप्नाकडून शिक. पुढच्या रविवारी तुला म्हणायचे, अँजेलिनाकडे बघ. आपण दोघी एकाच रिक्षाने स्टेशनपर्यंत यायचो आणि वाटेत एकमेकींशी धड बोलायचो नाही. कोणी सरांना न दाखवता एखाद्या अंकाला काही परस्पर पाठवलं की दुसऱ्या दिवशी सरांच्या कानावर जायचं. कोण सांगायचं ते विचारायची सोय नव्हती, कारण आपण सगळेच कधी ना कधी सांगायचो.

गेल्या वर्षी मी माझी एक कथा अशीच परस्पर पाठवली. दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी अंगणात बोंबील उलटत होते. कथा घेतली म्हणाले. मी फोन ठेवला आणि आईने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, “कोन गेला गो?” कथा छापून येणार होती आणि माझा चेहरा मयताची बातमी आल्यासारखा झाला होता. सरांना कसं सांगू, एवढंच डोक्यात होतं. त्या घटकेला मला कळलं, हे काही बरं चाललेलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. अंक आला, रविवारी मी गेले. कोणी रागावलं नाही. चहा आला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, दुसऱ्यांच्या कविता झाल्या. माझ्या कथेबद्दल एक अक्षर नाही. पुढच्या रविवारीही तसंच. तू माझ्या शेजारी बसली होतीस आणि सबंध वेळ कपाकडे बघत होतीस. मला ते लागलं, स्वप्ना. सरांच्या गप्प बसण्यापेक्षा तुझं जास्त लागलं. घरी आल्यावर वाटायला लागलं की कथाच वाईट असणार, आणि कितीतरी दिवस मी एक ओळ लिहिली नाही.

काल स्टेशनबाहेर नवा दिवाळी अंक घेतला. आत तुझं नाव. ती गच्चीवर एकटीच डबा खाणाऱ्या बाईची कथा. तिचा शेवट सरांनी मंडळात सगळ्यांसमोर कापायला लावला होता, आणि तू मान डोलावून ‘आभारी आहे’ म्हणाली होतीस. अंकात तो शेवट जसाच्या तसा आहे. तेव्हाच ओळखलं, तू परस्पर पाठवलीस. आता रविवारी तू आचोळ्याहून निघशील, चहा येईल, सगळे तुझ्याशी नीट बोलतील आणि कथेचं नाव कोणी काढणार नाही. तू कपाकडे बघत बसशील. तेव्हा तुझ्याजवळ हे असावं म्हणून लिहितेय. कथा चांगली झाली आहे. फार चांगली. आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, “त्या बाईला आपल्याकडं जेवायला बोलाव.”

तुझीच,
अँजेलिना