चढावरच्या थांब्याचा बाक

७ जानेवारी, सकाळी
निवडणूक लढवायचं ठरवलं. कारण पूर्णपणे सार्वजनिक आहे. चढावरच्या बसथांब्यावर बाक नाही. हॉस्पिटलची बस तिथूनच मिळते, म्हणजे तिथे उभी असणारी माणसं मुळात उभं राहण्यासारखी नसतात. नगरपालिकेला आजवर अकरा पत्रं लिहिली. उत्तर एक आलं, तेही दुसऱ्या कुणाच्या तरी कुत्र्याविषयी.

यात ह्यांचा काही संबंध नाही. शेवटची दोन वर्षं हे तिथल्या भिंतीला टेकून बसची वाट बघायचे, एवढंच.

योजना: आधी वॉर्ड. दोन वर्षांत प्रांताची विधानसभा. प्रांताला बाकांविषयी धोरणच नाही, वाचून खात्री केली. या देशात आले तेव्हा मला इथली दुकानाची पाटी वाचता येत नव्हती. बालवर्गाची पुस्तकं आणून घरी एकटीच शिकले, पुढे त्याच बालवर्गाला एकवीस वर्षं शिकवलं. नगरपालिकेची नियमावली दोनशे चौदा पानांची आहे. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेली वॉर्डात मी एकटीच.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, नगरपालिकेच्या सभा दर मंगळवारी असतात. मंगळवारी माझी पोरं कोण बघणार?" मोठ्या कामाला आधी घरातूनच विरोध होतो.

१६ जानेवारी
पक्षात घेतलं. पक्ष लहान, विचार मोठे. माझ्यासकट सहा जण, त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. अध्यक्षांचं चष्म्याचं दुकान आहे. म्हणाले, तुमचं नाव पोस्टरवर मावत नाही. म्हटलं, पोस्टर मोठं करा. शेवटी नुसतं आडनाव छापायचं ठरलं. म्हणजे माझं गेलं, ह्यांचं राहिलं. चालेल.

समोर टायरवाला. सोळा वर्षं निवडून येतोय. सोळा वर्षांत बाक नाही. पडणार.

धाकटे दीर प्रचारप्रमुख. गाडी भाऊजींची आहे, त्यामुळे पदही त्यांनाच द्यावं लागलं.

संकल्प: १) रोज वीस घरं. २) मतदारांशी पोरांसारखं बोलायचं नाही (लेकीची सूचना. गरज नव्हती).

३ फेब्रुवारी
आज सात घरं. थंडी होती.

मतदारयादीवर हजेरीपटासारख्या खुणा करते. दार उघडलं की बरोबरची खूण. एकाने तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत दार उघडलं, "हो हो" म्हणाला आणि लावलं. खूण. पुढच्या घरी सहा फुटी पोलीस. बालवर्गात माझ्याच वर्गात होता, फार रडायचा. त्याला म्हटलं, बुटाची नाडी सुटलीय बघ. त्याने वाकून बांधली. खूण.

भाऊजी गाडीत बसून होते. म्हणाले, "वहिनी, पण मत देतो असं म्हणाला का तो?" म्हटलं, नाडी बांधली ना?

१२ फेब्रुवारी
चढावर गाडीचं चाक बसलं. टायरवाल्याचं दुकान समोरच. तो स्वतः आला, वीस मिनिटांत चाक बदललं, भाऊजींना कॉफी दिली. भाऊजी परतताना म्हणाले, माणूस वाईट नाही हो. प्रचारप्रमुखाने असं बोलू नये, असं त्यांना स्पष्ट सांगितलं. गाडी मात्र छान चालत होती.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ
शाळेच्या हॉलमध्ये दोघांची जाहीर सभा. मी जिंकले.

टायरवाला पार्किंगवर बोलला. मी बाकावर बोलले, चाळीस मिनिटं, नियमावलीच्या पानांसह. मागे कुजबुज सुरू झाली. मी तीन टाळ्या वाजवल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. सबंध हॉलने ओठांवर बोट ठेवलं. काही आजोबांनीसुद्धा. अध्यक्ष म्हणाले, आता प्रश्न विचारा. कुणी बोट काढेना. अशी शिस्त या गावाने पाहिली नसेल.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, ती प्रश्नोत्तरं होती. त्यांनी बोलायचं होतं."

निघताना टायरवाला जवळ आला. म्हणाला, "बाई, तुमचे मिस्टर त्या भिंतीपाशी उभे असायचे ना? मी दुकान उघडायला जाताना हॉर्न द्यायचो. ते हात करायचे."

म्हटलं, हा सार्वजनिक प्रश्न आहे. आणि घरी आले. डोळ्यांत हॉलमधली धूळ गेली होती.

६ मार्च, मतदान
माझ्या भागाचं मतदान माझ्याच जुन्या बालवर्गात. मतपेटी रंगपेट्यांच्या टेबलावर. एकूण खुणा सहाशे बारा. निवडून येतेच आहे.

कागद हातात घेतला आणि अडले. एकवीस वर्षांत स्वतःचा पेपर स्वतः कधी तपासला नाही. स्वतःच्या नावापुढे खूण कशी करायची? बरं दिसत नाही. शिवाय टायरवाला पडणार, त्याला अगदीच वाईट वाटू नये. त्याला दिलं. सहाशे अकरा पुष्कळ झाले.

७ मार्च
आकडे शाळेच्या फाटकावर लावलेत. सबंध वॉर्डात टायरवाला आठशे चौऱ्याण्णव. मी सदतीस. छपाईची चूक असणार.

खाली खोलीवार आकडे आहेत. बालवर्गाच्या खोलीत: मी १.

त्या खोलीत आमच्या घरची मतं तीन. मी, लेक, भाऊजी. पोलीसही त्याच खोलीतला, पण त्याचं सोडा.

लेक म्हणाली, "मी तुलाच दिलं हं आई." भाऊजी म्हणाले, "म्हणजे काय, मी पण." मी म्हटलं, मी पण. मग बराच वेळ तिघंही चहा ढवळत बसलो. साखर मी घालतच नाही.

९ मार्च
पराभवाची कारणं: थंडी. आडनाव. पार्किंगचं वेड.

२ एप्रिल
अध्यक्षांचा फोन. प्रांताच्या यादीत माझं नाव घालतायत. अडतिसावं. यादी अडतीसचीच आहे. "काही करावं लागणार नाही, बाई. जागा भरायचीय," म्हणाले. मी लगेच होकार दिला. दोन वर्षं लागतील म्हटलं होतं, चार आठवड्यांत प्रांतात पोचले. इमारतीत सगळ्यांत खाली पाया असतो.

लेकीला कळवलं. तिने विचारलं, मंगळवार मोकळा आहे ना?

२६ एप्रिल, दुपारी
थांब्यावर बाक आला. उलटा. बसणाऱ्याचं तोंड भिंतीकडे, पाठ रस्त्याकडे.

टायरवाला तिथेच डोक्याला हात लावून उभा. म्हणाला, "बाई, सोळा वर्षांत पहिल्यांदा कशाच्या तरी मागे लागून काम करून घेतलं, आणि त्यांनी नकाशा उलटा धरला."

मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "तुमच्या बालवर्गातलं ते एक मत माझं. स्वतःला द्यायला कसंतरीच वाटलं."

म्हणजे लेकीचं नाही. भाऊजींचं नाही. पोलिसाचं तर नाहीच. घरी बोलणार नाही. बोलायला गेलं तर माझंही निघेल.

तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता फोन करून फिरवून घेतो. म्हटलं, थांबा, आधी बसून बघते. सार्वजनिक वस्तू तपासून घ्यावी.

बसले. समोर भिंत. खांद्याच्या उंचीवर हातभर जागा रंग उडून गुळगुळीत झालेली. ह्यांच्या कोटाची. दोन वर्षं शेजारी बसकडे बघत उभी राहिले, भिंतीकडे कधी बघितलंच नव्हतं.

मागून दोन बस गेल्या. दिसल्या नाहीत.

टायरवाल्याने विचारलं, "मग करू फोन?" म्हटलं, फोनवर कामं होत नसतात, रीतसर पत्र द्यावं लागतं, पान एकशे सहा. ते मी देईन.

संध्याकाळी पत्र लिहायला घेतलं. बारावं. मायना झाला. पाठवायची घाई नाही.